आकडा येतो, कारण येत नाही

फोटोंच्या स्पर्धेचं, म्हणजे सलॉनचं, परीक्षण मागच्या खुर्चीत बसून एकदा तरी बघावं. पडद्यावर फोटो येतो, तीन परीक्षक हातातल्या छोट्या यंत्रावर आकडा दाबतात, बेरीज होते, पुढचा फोटो. हजारो फोटो दोन-तीन दिवसांत संपवायचे म्हटल्यावर एकेकाच्या वाट्याला काही सेकंदच येणार. परीक्षक बिचारे प्रामाणिक असतात, संध्याकाळपर्यंत डोळे लाल झालेले असतात. पुढे काही आठवड्यांनी स्पर्धकाला ईमेल येते. त्यात स्वीकृत की अस्वीकृत ते असतं आणि एक आकडा असतो. तो आकडा का पडला, हे कुठेच नसतं.

हौशी फोटोग्राफरांमध्ये एडिटिंगविषयी जे जे ठामपणे बोललं जातं, त्यातलं बरंचसं या न मिळालेल्या कारणाच्या जागी आपणच भरलेलं असतं, असं माझं मत होत गेलं आहे. एखाद्या फोटोला आकडा कमी पडतो. कोणीतरी म्हणतं, आकाश पांढरं राहिलं ना, म्हणून. पुढच्या खेपेला आकाश गडद केलेला दुसराच फोटो निवडला जातो, त्याची कारणं पन्नास असू शकतात, पण नियम तयार होतो: पांढरं आकाश चालत नाही. हा नियम मग फोटोग्राफी मंडळाच्या नव्या सभासदाला पहिल्याच बैठकीत सांगितला जातो, आणि सांगणाऱ्याच्या नावापुढे एएफआयएपी ही फोटोग्राफीतली पदवी लागलेली असली की त्यावर प्रश्नही येत नाही. ही पदवी कशी मिळते हे सगळ्यांना माहीत असतं. ठरावीक देशांतल्या ठरावीक सलॉनमध्ये ठरावीक संख्येनं स्वीकृती जमवाव्या लागतात. म्हणजे तीसुद्धा आकड्यांचीच बेरीज.

माझा पोटापाण्याचा धंदा छपाईच्या अलीकडचा. पुण्यात पेठेतल्या एका प्रोसेस हाउसमध्ये मी ड्रम स्कॅनरवर लागलो, तेव्हा ट्रान्स्परन्सी तेल लावून ड्रमवर चिकटवायची, चार रंगांच्या चार फिल्म काढायच्या, लाइट टेबलावर भिंग लावून ठिपके तपासायचे, असं काम होतं. दिवाळी अंकांच्या दिवसांत रात्र आणि दिवस वेगळे नसायचे. पुढे फिल्म गेली, थेट प्लेट निघायला लागली, आणि मी संगणकासमोर बसून रंग सुधारणारा माणूस झालो. फोटो काढण्याचा नाद नंतर लागला. आमच्या मंडळात मी फोटोग्राफर म्हणून मधल्या फळीतला. पण प्रिंट काढायची वेळ आली की सगळे पेन ड्राइव्ह घेऊन माझ्याकडे येतात. त्यामुळे एकाच फोटोच्या आधीच्या, मधल्या आणि शेवटच्या अवस्था जितक्या मी पाहिल्या आहेत तितक्या परीक्षकांनीही पाहिल्या नसतील.

पहिली तक्रार नेहमीची: "प्रिंट काळी आली." प्रिंट काळी आलेली नसते. एडिटिंग रात्री, घरातले झोपल्यावर, अंधाऱ्या खोलीत, लॅपटॉपचा उजेड पूर्ण चढवून केलेलं असतं. अशा पडद्यावर फोटो उजळच दिसणार, मग माणूस तो खाली ओढणार. प्रिंटसाठी पडद्याचं तेज साधारण 80 ते 120 कँडेला प्रति चौरस मीटर असावं आणि मॉनिटर कॅलिब्रेट केलेला असावा, हे मी सांगतो. ऐकणारे मान डोलावतात आणि त्या कॅलिब्रेटरच्या पैशांत लेन्सचा हप्ता बसतो का ते बघतात. मीही त्यांच्या जागी तेच केलं असतं.

दुसरं दुखणं क्रॉपचं. प्रत्येक मंडळात एक तरी क्रॉपवाले असतात. आमच्याकडचे गृहस्थ फोटो पडद्यावर येताच दोन्ही हातांच्या बोटांची चौकट करतात आणि एक डोळा मिटतात. डावीकडून कापा, वरून कापा. पडद्यावरच्या सलॉनला 1920 पिक्सेल रुंदी पुरते, त्यामुळे त्यांचं म्हणणं तिथे खपून जातं. पण 12 बाय 18 इंचांची प्रिंट 300 डीपीआयनं काढायची तर 3600 गुणिले 5400 पिक्सेल, म्हणजे एकोणीस मेगापिक्सेलच्या वर लागतात. चोवीसच्या कॅमेऱ्यातून निम्मा फोटो कापला की बारा उरले. हे गणित मी फळ्यावर मांडून दाखवलं आहे. क्रॉपवाल्यांनी ते शांतपणे पाहिलं आणि म्हणाले, "मग आठ बाय बारा काढा."

खरी गोष्ट मला सांगायची आहे ती जेजुरीची.

सोमवती अमावस्येला खंडोबाची पालखी कऱ्हेवर स्नानाला निघते, तेव्हा गडावर भंडाऱ्याची उधळण होते आणि तटावर पहाटेपासून फोटोग्राफर जागा धरून बसलेले असतात. कॅमेऱ्याला प्लास्टिकची पिशवी, पिशवीला रबरबँड, आणि एवढं करूनही पुढे महिनाभर झूम रिंगमधून हळद निघत राहते. आमच्याकडे दर वेळी जेजुरीचे फोटो येतात. एकदा बँकेतून निवृत्त झालेल्या एका काकांनी आणलेला फोटो होता: पायऱ्यांवर गर्दी, हवेत उसळलेला भंडारा, त्यातून अर्धी दिसणारी पालखी. पिवळा असा की बघणाऱ्यांच्या तोंडून "वा!" निघालं. मग सूचना आल्या. डावीकडचा खांब काढा, कडा काळ्या करा, सॅच्युरेशन अजून थोडं चढवलं तरी चालेल, जेजुरी आहे.

मी विचारलं, "काका, तिथं तो भंडारा तुम्हाला असाच सपाट दिसला होता?"

"सपाट कुठला? धूर उसळतो ना, तसा वर येत होता. वळ्या पडत होत्या त्याच्यात."

फोटोत वळी नव्हती. एक मोठा पिवळा डाग होता.

संगणकावरचा पिवळा म्हणजे लाल आणि हिरवा भरपूर, निळा जवळजवळ शून्य. उन्हातल्या भंडाऱ्यात लाल चॅनल सहज 255 ला जाऊन टेकतो. कॅमेऱ्याच्या मागे दिसणारा एकत्र हिस्टोग्राम हे दाखवेलच असं नाही, कारण त्यात तेजाचा हिशेब असतो आणि त्या हिशेबात सगळ्यात जास्त वजन हिरव्याचं. तिन्ही चॅनलचे हिस्टोग्राम वेगवेगळे लावले की मग लाल उजव्या भिंतीला चिकटलेला दिसतो. लाल छताला लागला, निळा जमिनीला, आणि भंडाऱ्याच्या उधळणीचा सगळा गोलपणा दाखवायला एकटा हिरवा उरला. त्यात सॅच्युरेशन चढवलं की लाल वर जायला जागा नाही, निळा खाली जायला जागा नाही. रंग भडक होतो आणि आकार मरतो.

हे मला फोटोग्राफीनं शिकवलेलं नाही, आंब्यांनी शिकवलं. स्कॅनरवर असताना एखाद्या पेटीवाल्याची जाहिरात यायची आणि निरोप असायचा: आंबा पिवळाधमक पाहिजे. नवा ऑपरेटर काय करायचा, तर आंब्यातला सायन आणि मॅजेंटा साफ काढून टाकायचा. प्रूफ आलं की आंबा कागद कापून चिकटवल्यासारखा. कारण पिवळी शाई चारही शाईंत सगळ्यात फिकी. पिवळ्यात थोडं कमी-जास्त पिवळं असलं तर डोळ्याला त्याचा पत्ता लागत नाही. आंब्याची गोलाई दाखवतात ते त्यात मिसळलेले मॅजेंटाचे आणि सायनचे बारीक ठिपके. पिवळा शुद्ध करायला जावं तर फळ हातचं जातं. आमचे जुने सुपरवायझर ठिपके न मोजता, नुसत्या नजरेनं सांगायचे, "ह्याच्यात घाण टाक थोडी."

काकांची रॉ फाइल उघडली. त्यांच्या रॉमध्ये चौदा बिट होते, म्हणजे प्रत्येक चॅनलला 16,384 पायऱ्या; जेपेगमध्ये 256. लाल तिथे पूर्ण गेलेला नव्हता. एक्स्पोजर खाली आणला, पिवळ्याचं सॅच्युरेशन आणि तेज दोन्ही उतरवलं, भंडाऱ्यापुरता मास्क करून त्यात थोडा काँट्रास्ट दिला. वळ्या दिसायला लागल्या. एका वळीच्या मागे कोणाचा तरी वर केलेला हात निघाला, जो आधीच्या फोटोत नव्हताच म्हणायचा. काका पुढे सरकून बसले.

मागून आवाज आला, "पिवळा कमी पडला."

आणि तो कमी पडला होताच! काही सेकंदांत आकडा द्यायचा असेल तर पहिल्या फोटोचा पिवळा आधी दिसणार, हे मलाही नाकारता आलं नाही. मग वाद झाला. एक म्हणे, जेजुरीला गेलेल्या माणसाच्या डोळ्यासमोर जो पिवळा राहतो तो पहिल्या फोटोतलाच. दुसरी म्हणाली, तो डोळ्यासमोर राहतो खरा, पण फोटोतून तो हात गेला त्याचं काय? चहा येईपर्यंत हे चाललं. अशा वादात कोणाचं बरोबर हे ठरत नाही. पण काकांना पहिल्यांदा कळलं की त्यांच्या फोटोत निवडण्यासारख्या दोन गोष्टी होत्या. त्याआधी त्यांना फक्त स्लायडर होते.

एडिटिंग म्हणजे फसवणूक, असं म्हणणारे एक-दोघे असतातच. त्यांच्यासाठी मी इतिहास काढतो. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी 1854 सालची. त्यानंतर तीनच वर्षांनी, 1857 मध्ये, ऑस्कर रेजलँडरनं इंग्लंडमध्ये तीसेक निगेटिव्ह जोडून एक भलामोठा फोटो तयार केला आणि त्यावरून तेव्हाही हीच भांडणं झाली. राणी व्हिक्टोरियानं त्याची प्रत विकत घेतली, हे सांगितलं की विरोधक जरा गप्प होतात. आपल्याकडे गावोगावच्या स्टुडिओत निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीनं रिटचिंग करून लग्नाळू मुलींच्या चेहऱ्यावरचे डाग घालवले जात, त्याला कोणी फसवणूक म्हटलं नाही, निदान लग्न ठरेपर्यंत. आणि अन्सेल अ‍ॅडम्सचा 1941 सालचा न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझचा चंद्रोदय घ्या. निगेटिव्ह एकच, पण पुढची कित्येक वर्षं तो माणूस त्याच्या प्रिंट बदलत राहिला. सुरुवातीच्या प्रिंटमध्ये आकाशात ढगांच्या फिकट रेघा दिसतात, नंतरच्यांत आकाश जवळजवळ काळं होत गेलं. डार्करूममध्ये हाताची सावली धरून जे करायचे तेच आज मास्क लावून करतात. अ‍ॅडम्सला मात्र कोणी सांगायला बसलं नव्हतं की काळ्या आकाशाला दोन गुण जास्त मिळतात.

फसवणूक कुठे सुरू होते हे स्पर्धेच्या गटावर अवलंबून असतं, आणि हौशी लोकांचा गोंधळ नेमका तिथेच होतो. खुल्या, पिक्टोरियल गटात आकाश बदललंत तरी चालतं, फक्त ते तुमचंच आकाश हवं. निसर्गगटात आणि प्रवासगटात काही घालायचं नाही, काढायचं नाही, हलवायचं नाही. कापलं तर चालतं. सेन्सरवरची धूळ पुसता येते, काडी पुसता येत नाही. पूर्ण कृष्णधवल चालतं, अर्धं रंगीत अर्धं कृष्णधवल नाही. एका बाईंनी वारीतला फोटो आणला होता, दिवेघाटातला. पावसात भिजलेली एक आजी, डोक्यावर तुळस, आणि हातात शीतपेयाची प्लास्टिकची बाटली, त्यात पाणी. सगळ्यांनी एकमुखानं सांगितलं, बाटली काढा. काढणं आता दोन मिनिटांचंही काम राहिलेलं नाही. बाटलीवर ब्रश फिरवायचा, सॉफ्टवेअर तिथे लुगड्याचा पदर विणून देतं. बाई म्हणाल्या, "सर, मला प्रवासगटात पाठवायचाय." मग तर प्रश्नच मिटला. पण प्रवासगट नसता तरी माझं मत बाटलीच्या बाजूचं होतं. आजी घाट चढत होत्या, त्यांना तहान लागली होती. त्या बाटलीशिवाय ती आजी शंभर वर्षांपूर्वीचीही असू शकली असती, आणि तसल्या वारीचे फोटो आपल्याकडे पोत्यानं पडले आहेत.

मोठ्या स्पर्धांतले किस्से या बैठकांत चवीनं सांगितले जातात. 2015 च्या वर्ल्ड प्रेस फोटोत शेवटून दुसऱ्या फेरीपर्यंत पोचलेल्यांपैकी सुमारे 20 टक्के फोटो मूळ फाइलशी ताडून पाहिल्यावर बाद झाले. लंडनच्या वन्यजीव स्पर्धेचा 2009 चा विजेता फोटो कुंपणावरून झेप घेणाऱ्या लांडग्याचा. लांडगा बहुधा माणसाळवलेला होता असं परीक्षकांचं मत झालं आणि बक्षीस काढून घेतलं गेलं, फोटोग्राफरनं नकार दिला तरी. त्याच स्पर्धेतला 2017 चा मुंगीखाऊ बहुधा पेंढा भरलेला होता असं ठरलं. 2023 मध्ये एका जर्मन कलावंतानं यंत्राकडून बनवून घेतलेल्या प्रतिमेला सोनीच्या स्पर्धेत बक्षीस मिळालं आणि त्यानं ते स्वतःहून नाकारलं. हे ऐकून लोक माना हलवतात. माझ्या मनात मात्र वेगळंच येतं. लांडगा आणि मुंगीखाऊ यांत एडिटिंगचा प्रश्नच नव्हता. स्लायडरला हात न लावताही खोटं बोलता येतं. आमच्या मंडळातल्या कोणाला लांडगा भाड्यानं आणणं परवडणार नाही. आमचा प्रश्न फार साधा आहे: सगळ्यांचे फोटो एकसारखे का दिसायला लागलेत?

ते दिसतात खरे. म्हाताऱ्या वारकऱ्याचा चेहरा असेल तर क्लॅरिटी शेवटापर्यंत. क्लॅरिटी मधल्या छटांतला काँट्रास्ट वाढवते. सुरकुत्या उठून येतात, पण कातडीचा रंग करडा, धातूसारखा होतो. आपल्याकडच्या चेहऱ्यांत छपाईच्या हिशेबानं पिवळा मॅजेंटापेक्षा थोडा जास्त आणि सायन मॅजेंटाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास असावा लागतो. क्लॅरिटी चढवलेल्या चेहऱ्याचे आकडे बघितले की सायन वर गेलेला असतो, आणि प्रिंटमध्ये आजोबा आजारी दिसतात. डोंगर असेल तर हायलाइट पूर्ण खाली, शॅडो पूर्ण वर, आणि मग सह्याद्रीच्या कड्यालगत आकाशात एक उजळ रेघ उमटते. ती रेघ एकदा दिसायला लागली की माणसाला दुसरं काही दिसत नाही. मी लोकांना ती दाखवून त्यांचं बरंच नुकसान केलं आहे. कडा सगळ्यांच्याच काळ्या.

एका शाळेतल्या बाईंचा भिगवणचा फोटो या सगळ्याला अपवाद होता म्हणून लक्षात राहिला. उजनीच्या बॅकवॉटरवर हिवाळ्याच्या सकाळी जे धुकं असतं त्यात रोहित पक्षी, फिकट, जवळजवळ कागदाच्या रंगाचे, आणि मागे एका होडीचा अंदाज. बैठकीचं एकच म्हणणं पडलं: डीहेझ मारा. त्यांनी वहीत लिहून घेतलं, शिक्षिका असल्यामुळे सगळं लिहून घेतात. पुढच्या महिन्यात तोच फोटो तसाच घेऊन आल्या. "करून बघितलं," म्हणाल्या, "धुकं गेलं आणि मागे मोबाइलचा टॉवर निघाला." लोक हसले. मग त्या म्हणाल्या, "टॉवर काढता आला असता. पण मी तिथं दोन तास बसले होते, त्यातला पाऊण वेळ काहीच दिसत नव्हतं. ते मला हवंय."

अशी वाक्यं बैठकीत फार क्वचित येतात, कारण आम्ही ती मागतच नव्हतो. फोटो आला की लगेच दुरुस्त्या सुरू. काय काढायचं, काय कापायचं, काय काळं करायचं. आता एक बदल केला आहे, माझ्या हट्टानं. फोटो दाखवणाऱ्यानं गप्प बसायचं आणि बाकीच्यांनी फक्त दिसतंय ते सांगायचं: नजर पहिली कुठे गेली, मग कुठे. सूचना नाही. त्यानंतर फोटोवाल्यानं सांगायचं की त्याला नजर कुठे न्यायची होती. दोन्ही जुळलं तर त्या फोटोवर वेळ घालवायचा नाही. नाही जुळलं तरच मूळ फाइल उघडायची. क्रॉपवाल्यांना हे अवघड जातं. त्यांचे हात आपोआप वर येतात, मग ते मांडीखाली घेऊन बसतात.

काकांनी मात्र सगळ्यात शहाणपणाचं काम केलं. त्यांनी भडक जेजुरी एका सलॉनला पाठवली आणि वळ्यांची जेजुरी दुसऱ्या. भडक नापास झाली, दुसरी स्वीकारली गेली. सलॉन वेगळे, परीक्षक वेगळे, गटही वेगळे. यातून काहीही सिद्ध होत नाही, असं मी दहा वेळा सांगितलं. पण चहाच्या वेळी कोणीतरी म्हणालं की युरोपातल्या परीक्षकांना उतरवलेला पिवळा आवडतो, आणि पुढच्या बैठकीला दोघा-तिघांनी पिवळा उतरवून फोटो आणले. त्यातला एक झेंडूचा होता.